बर्फाचा ट्रे

आज फ्रीजर साफ करायला काढला. तळाशी तो निळा ट्रे घट्ट चिकटून बसला होता, कोपरा तुटलेला. नळाखाली धरला तर बर्फ कडाकडा सुटून सिंकमध्ये पडला आणि मी हात तसाच ओला ठेवून उभी राहिले.

बाबांनी तीनदा मागितला होता. तिन्ही वेळा मी म्हटलं, "उद्या देते हं."

महिनाभर हे डोक्यात नव्हतं. काल रात्री हातातल्या पुस्तकातल्या तेइकामुळे वर आलं. जपानमधल्या क्योतोच्या दरबारातला हा फुजिवारा नो तेइका, कवी म्हणून थोर. रोजनिशीत मात्र दुखणी आणि अडलेल्या बढत्या. त्यात तापट. ११८५ साली राजवाड्यात कुणीतरी डिवचलं म्हणून हातातला दिवाच त्याला हाणला आणि दरबारातून हाकलला गेला. तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या शुनझेईने, म्हणजे बापाने, लेकासाठी रदबदली केली. पत्रात कविता घातली, ढगांत वाट चुकलेल्या क्रौंच पक्ष्याची. माफी मिळाली. (बाबाही माझ्यासाठी एकदा असेच कुणापुढे... जाऊ दे.)

पुढे १२०४ साली शुनझेई ९१ वर्षांचा, अंगात ताप, आणि सारखं बर्फ मागतोय. तेइकाने उत्तरेच्या डोंगरातून बर्फ आणवलं. म्हाताऱ्याने खाल्लं, काय छान, काय छान म्हणत आणखी मागितलं.

इथेच पुस्तक मिटलं मी. त्यांना डोंगरात माणूस धाडावा लागला. माझ्या घरात बर्फ पलंगापासून दहा पावलांवर होता. घशाला त्रास होईल म्हणे! कुठला घसा राहिला होता आता? दादा म्हणतो, दिला असतास तरी काय फरक पडला असता. त्याला म्हणायला काय जातं. त्याच्याकडे थोडाच मागितला होता.

दुपारी चहा घेताना परत तेच पान उघडलं, स्वतःला आणखी थोडं टोचून घ्यायला. तर पुढचीच ओळ: भोवतालची माणसं घाबरली आणि त्यांनी बर्फ लपवून ठेवलं.

मी मोठ्याने हसले. एकटीच, ओट्यापाशी. म्हणजे तिथेही होती कुणीतरी, "उद्या देते हं" म्हणणारी.

तरी त्याने आधी दिलं होतं, हे आहेच.

मग संध्याकाळी तेइकाच्याच घरात रमले. मुलगा तामेइए कविता सोडून राजाबरोबर चेंडू उडवत बसतो, ही त्याची रड. त्याच मुलाने १२५१ साली दरबारासाठी काव्यसंग्रह सिद्ध केला. आणि तामेइए गेल्यावर थोरला मुलगा आणि दुसरी बायको एका जहागिरीवरून भांडले. ती बाई १२७९ मध्ये न्याय मागायला थेट कामाकुराला, लष्करी सरकारच्या ठाण्याला, गेली. हे दादाला सांगायचं नाही. सातबाऱ्याचा विषय निघेल.

ट्रे टाकायला काढला होता. त्यात एकच खडा शिल्लक होता, तो तोंडात टाकला. दाढ अशी काही ठणकली.