साडेआठ फुटांवरची रिंग

मे महिना, रविवार, रात्री उशिरा

बास्केटबॉलचा मोसम संपला. आता काही आठवडे स्पर्धा नाही, कॅम्प नाही. संघातल्या बहुतेकजणी गावी गेल्या. मी सकाळी साडेसहाला लालबागच्या मैदानावर पोरांना खेळ शिकवायला असते, कारण आठ वाजून गेले की सिमेंटच्या कोर्टवर उभं राहवत नाही. सुट्टी असल्यामुळे पोरं भरपूर येतात. काहींच्या पायात बूट, काहींच्या पायात सँडल, एकदोघं अनवाणी.

“समाजसेवा छान चाललीय,” असं आज ओळखीच्या एका गृहस्थांनी मनापासून म्हटलं. मला ते कौतुक घेववत नाही. माझा हिशोब वेगळा आहे. मी शाळेत होते तेव्हा आमचे सर बँकेतली नोकरी आटोपून घरी न जाता थेट मैदानावर यायचे आणि दिवे बंद होईपर्यंत थांबायचे. फी कधी घेतली नाही. उलट स्पर्धेला जाताना वडापाव आणि लोकलचं तिकीट पदरमोड करून द्यायचे. त्या शिकवण्याच्या जोरावर मला रेल्वेत नोकरी लागली, घराला हातभार लागला, भावाचं शिक्षण झालं. सरांना ते परत करायला गेले तर ते घेणार नाहीत. मग ते द्यायचं कोणाला? समोर उभ्या असलेल्या पोरांनाच.

मुंबईत बास्केटबॉल मुळात असाच वाढलाय. नागपाड्याकडे बघा. मुंबई सेंट्रलला उतरून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरची ती दाटीवाटीची वस्ती. बच्चू खान यांनी तिथे पोरांच्या पिढ्या घडवल्या, आज मैदानाला त्यांचंच नाव आहे. त्याच नागपाड्यातून अब्बास मुंतसिर आले, भारताचे कर्णधार झाले, 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळवला. तिथल्या पोरांकडे ना घरची श्रीमंती होती, ना मोकळी जागा. एक कोर्ट होतं आणि रोज त्या कोर्टवर येणारा मोठा माणूस होता. यातला कोर्टचा भाग महापालिका करू शकते, एखादी संस्था करू शकते. रोज येण्याचा भाग मात्र खेळलेल्यांनाच करावा लागतो, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे “प्रोफेशनल प्लेअर” म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कोट्यवधींचे करार येतात. आमचं तसं नाही. युबीए ही भारतातली बास्केटबॉल लीग 2015 ला आली, त्यात मुंबई चॅलेंजर्स नावाचा संघही होता, आणि दोनेक वर्षांत ती लीग थांबली. पुढे आयएनबीएल ही दुसरी लीग आली, तिच्यात मुंबई टायटन्स हा संघ आला. चांगलंच झालं, पण लीगच्या भरवशावर घर चालवेल अशी मुलगी मी तरी अजून पाहिलेली नाही. आमचा व्यवसाय म्हणजे खेळाडू कोट्यातली नोकरी. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा संघ वेगळा उतरतो, त्यामुळे महाराष्ट्रात वाढलेली मुलगी रेल्वेची जर्सी घालून महाराष्ट्राविरुद्ध खेळते. पहिल्यांदा तसं खेळले तेव्हा समोर लहानपणापासूनच्या मैत्रिणी होत्या आणि त्यांच्या बेंचवर मला घडवणारी माणसं. आम्ही जिंकल्यावर त्यांनीच आधी येऊन पाठ थोपटली. पुण्याची शिरीन लिमये याच वाटेने जाऊन भारताची कर्णधार झाली, ही गोष्ट मी आमच्या मुलींना वरचेवर सांगते. नाव ओळखीचं वाटलं की त्यांचे कान टवकारतात.

आता खरं लिहायचंय ते रिंगबद्दल.

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून 3.05 मीटरवर असते, म्हणजे दहा फूट. डिसेंबर 1891 मध्ये जेम्स नायस्मिथ यांनी अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे जिमच्या गॅलरीच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या, तो कठडा दहा फुटांवर होता. ती उंची आजतागायत तशीच आहे, मोठ्यांसाठी. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी मिनी बास्केटबॉलचे नियम आहेत. त्यात रिंग 2.60 मीटरवर, म्हणजे साधारण साडेआठ फुटांवर, आणि चेंडू पाच नंबरचा. पुरुष सात नंबरच्या चेंडूने खेळतात, आम्ही बायका सहा नंबरच्या. आपल्या मैदानांवर मात्र सगळ्यांना एकच रिंग आणि जो मिळेल तो चेंडू, बहुतेकदा सात नंबरचा, झिजून गुळगुळीत झालेला.

याने होतं काय? नऊ वर्षांची मुलगी तो जड चेंडू दहा फुटांवर पोचवायला दोन्ही हातांनी कमरेपासून फेकते. अंग मागे झुकतं, कोपर बाहेर जातं, मनगट वळतच नाही. चेंडू कधी तरी जातो आत, सगळे टाळ्या वाजवतात आणि ती तीच फेक पक्की करते. सोळाव्या वर्षी ती जिल्हा निवड चाचणीला येते तेव्हा ही फेक मोडून नवी बसवायला वर्ष जातं. तेवढा वेळ तिच्याकडे नसतो, बोर्डाची परीक्षा तोंडावर असते. मी अशा कितीतरी मुली हातातून निसटताना पाहिल्यात. त्यांच्यात गुण नव्हते म्हणून नव्हे. रिंग उंच होती म्हणून.

म्हणून यंदा आम्ही चौघीजणींनी वर्गणी काढली. बूट वाटायचे की रिंग बसवायची यावर बरीच चर्चा झाली. बूट वाटले की फोटो चांगला येतो, पण वाढत्या पायाला तो बूट सहा महिने पुरतो. रिंग पुढच्या दहा बॅचेस वापरतील. करी रोडजवळच्या एका फॅब्रिकेशनवाल्या काकांना माप दिलं: आतला व्यास 45 सेंटिमीटर, सळई 18 मिलिमीटर. त्यांनी आधी बारा मिलिमीटरची वाकवून आणली होती, पोरं लटकली असती तर आठवड्यात मान टाकली असती. मी नको म्हटल्यावर काकांनी कुरकुर न करता नवी केली आणि मजुरी घेतली नाही. “माझा नातू येतो तुमच्याकडे,” म्हणाले. जुन्या खांबालाच खाली क्लॅम्प करून, बोर्ड म्हणून मरीन प्लायचा तुकडा लावून ती बसवली. बोर्डवर चौकोन रंगवला. त्या चौकोनाशिवाय लेअप, म्हणजे धावत येऊन चेंडू बोर्डला लावून रिंगमध्ये टाकणं, शिकवता येत नाही.

लेअप शिकवताना मी चेंडू आधी काढून घेते. नुसती पावलं. उजवीकडून येताना उजवा पाय, डावा पाय, उजवा गुडघा वर. पोरं मोठ्याने ओरडत करतात, “एक, दोन, उड!” मग चेंडू हातात, नजर चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यावर. या आठवड्यात पहिल्यांदा एका छोटीचा चेंडू कोपऱ्याला लागून अलगद आत गेला, एका हाताने, मनगट वळवून. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं ते काही विचारण्यासाठी नव्हतंच, फक्त मी पाहिलं ना याची खात्री करून घ्यायला. पाहिलं मी.

दुसरी गोष्ट मी सोडत नाही ती उतरण्याची. उडायला सगळे शिकवतात, उतरायला कोणी शिकवत नाही. गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट बहुतेक वेळा कोणाच्या धक्क्याने तुटत नाही. एकटं उडून चुकीचं उतरल्याने, धावता धावता एकदम थांबल्याने किंवा वळल्याने तुटतं, आणि मुलींमध्ये याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त असतं. माझं ऑपरेशन झालंय, त्यानंतर पुन्हा धावायला शिकताना जे सोसलं ते यांच्या वाट्याला येऊ नये. दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे वाकलेले, आत न झुकलेले. आणि आवाज येता कामा नये. सिमेंटवर हे फार महत्त्वाचं, कारण लाकडी कोर्टसारखं ते जराही दबत नाही. मी डोळे मिटून उभी राहते आणि पोरं उड्या मारतात; ज्याचा आवाज आला तो बाद. त्यांना हा खेळ फार आवडतो.

काल एका मुलीची आई कठड्यापाशी थांबली होती. आठवीतून नववीत जाणारी मुलगी, लांब हातांची, डिफेन्सला चिवट. “मॅडम, क्लासच्या वेळा बदलल्यात, हिला आता जमायचं नाही,” म्हणाल्या. मग हळूच विचारलं, “यातून नोकरी लागते का हो?”

मी खोटं बोलले नाही. म्हटलं, “ताई, खात्री कोणीच देऊ शकत नाही. रेल्वेत, बँकांत जागा थोड्या निघतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्र तेवढ्या पातळीचं लागतं. दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यालाही अटी आहेत.” त्या ऐकत होत्या. मग मी त्यांना मुलगी खेळताना पाहायला लावलं, दहाच मिनिटं. त्यांनी तिला याआधी खेळताना पाहिलंच नव्हतं. ती ओरडून मुलांना जागा दाखवत होती, “तू डावीकडे! तू मागे!” घरात ही तोंड उघडत नाही, असं आई म्हणाल्या. आठवड्यातून तीन सकाळ पाठवायचं कबूल केलंय. नववी-दहावीत आपल्या मुली खेळातून गळतात त्या बहुतेक अशाच, कोणी घरच्यांशी बसून बोललं नाही म्हणून.

मोठ्या खेळाडूंची मोठी कामं वाचली की भरून येतं. डिकेम्बे मुटोम्बो यांनी एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, कमावलेल्या पैशातून मायदेशी, काँगोतल्या किन्शासात, आईच्या नावाने रुग्णालय उभं केलं, ते 2007 मध्ये सुरू झालं. 2024 मध्ये ते गेले तेव्हा मी त्यांनी अडवलेल्या फेकींपेक्षा त्या रुग्णालयाचाच विचार करत होते. ऑक्टोबर 2019 मध्ये एनबीएचे संघ वरळीच्या डोममध्ये खेळले, इंडियाना पेसर्सनी सॅक्रामेंटो किंग्जना ओव्हरटाइममध्ये 132-131 ने हरवलं. त्या दिवशी स्टँडमध्ये हजारो शाळकरी मुलं होती. मुंबईतल्या पोरांनी असा सामना समोर बसून पाहिला, याचं मला आजही अप्रूप आहे. पण दुसऱ्या दिवशी त्यातलं एखादं पोर चेंडू घेऊन जवळच्या मैदानावर गेलं असेल, तर तिथे त्याला कोण भेटलं? मला भेटणारा माणूस व्हायचंय. रुग्णालय बांधण्याएवढे पैसे माझ्याकडे कधीच येणार नाहीत, सकाळचे दोन तास आहेत.

जूनची मात्र काळजी आहे. पाऊस सुरू झाला की हे कोर्ट चार महिने शेवाळतं आणि पोरं येईनाशी होतात. परळच्या एका शाळेचा हॉल आहे, छत ठेंगणं आहे पण ड्रिबलिंग, पावलं आणि उतरणं तिथे होईल. मुख्याध्यापिका बाई मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी द्यायला तयार आहेत, चेंडूचे डाग भिंतीवर पडू नयेत एवढीच अट. उद्या ऑफिस सुटल्यावर चावीचं ठरवायला जायचंय, आणि येताना धोबी तलावहून पाच नंबरचे चेंडू बघायचेत.