उशीखालची पोळी

घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत मूल दत्तक आलं की पहिल्याच रविवारसाठी क्लबहाउस बुक होतं. फुगे, केक, शंभर माणसं आणि मूल या मांडीवरून त्या मांडीवर. हौस कळते, पण बारसं दोन-तीन महिने पुढे ढकला. संस्थेत मावश्या पाळीप्रमाणे बदलतात, त्यामुळे कुणाच्याही कडेवर जाणं मुलाच्या अंगवळणी पडलेलं असतं. "किती शहाणं, रडत नाही हो!" हे कौतुक ऐकायला गोड वाटतं, पण रडलं तरी कुणी येत नाही हे कळल्यामुळेही मूल गप्प झालेलं असू शकतं. म्हणून सुरुवातीला भरवणं, अंघोळ आणि झोपवणं फक्त आईबाबांनी करायचं. आजीने खेळवावं, भरवू मात्र नये. हे आजीला तिच्या मुलाने सांगावं, सुनेवर ढकलू नये.

तीन-चार वर्षांचं मूल पोटभर जेवतं आणि रात्री उशीखाली पोळीचा वाळका तुकडा सापडतो. रागावू नका, उपदेशही नको. ठरलेल्या वेळीच खायला मिळण्याची सवय असते. पुढचं जेवण येईल याची खात्री अजून नसते. त्याच्या हाताला लागेल अशा खालच्या फडताळात एक डबा ठेवा: चणे, कुरमुरे, दोन बिस्किटं. संपला की न बोलता भरा. लपवणं सहसा हळूहळू थांबतं. ओरडलं तर लपवायच्या जागा तेवढ्या बदलतात.

संस्थेतून आलेला फ्रॉक किंवा दुपटं लगेच धुऊ नका, ओळखीचा वास तेवढाच उरलेला असतो. मूल दुसऱ्या राज्यातलं असेल तर पाणी, भूक, शी, झोप, दुखतंय एवढे शब्द तरी त्याच्या भाषेत शिकून घ्या.

कित्येक आयांना पहिले काही आठवडे माया वाटतच नाही, नुसता थकवा येतो. नियमाप्रमाणे दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याची भेट होते. त्या समाजसेविकेसमोर "सगळं छान" म्हणणं ही सर्रास होणारी चूक. ही परीक्षा नव्हे; झोप, चिडचिड, पश्चात्ताप, सगळं सांगा.

आता सांगायचं कधी? बोलता येण्याआधीपासून. "दत्तक" हा शब्द घरात सहज वावरला पाहिजे, नाहीतर तो आधी लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंकडून कळतो आणि मग राग दत्तक असण्याचा नसतो, लपवल्याचा असतो. "आम्ही तुला निवडलं" हे टाळा. मूल विचारतं, मग बाकीच्यांना का नाही? शिवाय ते खरंही नाही. कारा, म्हणजे दत्तक व्यवहार पाहणारी केंद्र सरकारची संस्था, मुलं सुचवते ती पालकांच्या प्रतीक्षायादीतल्या क्रमाने. "तुझा जन्म दुसऱ्या एका आईच्या पोटी झाला. तिला तुला वाढवता आलं नाही. का, ते आम्हाला माहीत नाही," एवढं पुरे. सात-आठ वर्षांच्या सुमारास त्यातला "वाढवता आलं नाही" हा भाग त्याला खरा कळतो, आणि कधीतरी "तू माझी खरी आई नाहीस" कानावर येतं. तेव्हा "तिची आठवण येते का?" असं विचारा. एवढं केलं म्हणून, वगैरे हिशेब काढू नका.

शाळेत वंशवृक्षाचा तक्ता येतो, जन्मवेळचा फोटो मागतात. जूनमध्येच बाईंना भेटून पर्याय ठरवा. डॉक्टरांनाही आधी फोन करा, म्हणजे "घरात कुणाला डायबिटीस?" हा प्रश्न मुलासमोर येणार नाही.

संस्थेचे कागद, वैद्यकीय अहवाल, पहिला फोटो आणि तो फ्रॉक एका पेटीत ठेवा. अठराव्या वर्षानंतर आपल्या जन्माचा शोध घेण्यासाठी मुलाला स्वतः अर्ज करता येतो. पेटी कुठे आहे, हे त्याला आधीपासून ठाऊक असू द्या.