शेजारच्या गावाला गेलेला वाचक

आपल्याकडे पुष्कळ घरांत ज्ञानेश्वरी असते आणि ती पुष्कळदा कपाटात असते. लाल कापडात बांधलेली, पुठ्ठ्यावर हळदीकुंकवाचं बोट. तिला हात लावायचा तर आंघोळ झालेली हवी, आणि आंघोळ झाली की ऑफिसची घाई. म्हणून राहून जातं, असं आपण म्हणतो.

मला मात्र कारण वेगळं वाटतं. परंपरेतली आपली ही पुस्तकं एकट्याने, मुकाट्याने वाचायला बसलं की ती धड बोलतच नाहीत. कारण ती कुणाला तरी सांगितलेली आहेत. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशाला ज्ञानेश्वर बोलत होते, सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते आणि समोर माणसं बसली होती. त्या माणसांची चाहूल ओव्यांमधून सारखी लागते. नववा अध्याय उघडून पाहा. ‘तरी अवधान एकवेळ दीजे, मग सर्व सुखासी पात्र होईजे’ अशी खणखणीत प्रतिज्ञा, आणि लगेच पुढच्या ओवीत आवाज खाली: तुम्हा सर्वज्ञांच्या सभेत मी प्रौढी मिरवत नाही हो, ही आपली माझी सलगीची विनवणी. डोळ्यांनी वाचलं तर हा नुसता विनय वाटतो. तेच मोठ्याने वाचा, समोर कुणाला तरी बसवा, की त्यातली लाडीगोडी कळते. एवढ्याशा वयाचा मुलगा सभेतल्या वडीलधाऱ्यांना कसा खिशात घालतोय ते दिसतं.

याच अध्यायाच्या शेवटाकडे माझा सगळ्यात लाडका प्रसंग आहे. संजय रंगून जाऊन सांगतोय आणि धृतराष्ट्र ढिम्म. पुराच्या पाण्यातही न उठणाऱ्या रेड्यासारखा! संजय मनाशी चुकचुकतो, की इथे अमृताचा पाऊस पडला, आणि हा इथे असूनच शेजारच्या गावाला गेलेला. गीतेत हे काही नाही, ही सगळी भर ज्ञानेश्वरांची. समोर एखादा श्रोता पेंगत असणार, असा माझा आपला संशय. मांडीवर पोथी आणि हातात मोबाइल घेऊन बसणाऱ्यांना तर ही ओवी नाव घेऊन हाक मारते.

विनोबांची गीताप्रवचनंही अशीच तोंडी. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात, रविवारच्या रविवारी, सोबतच्या कैद्यांसमोर दिलेली. साने गुरुजी तिथेच होते, त्यांनी ती उतरवून घेतली म्हणून आपल्यापर्यंत आली. तुरुंगातल्या श्रोत्यांमध्ये पंडित थोडेच असणार, त्यामुळे वाक्यं आखूड आणि दाखले घरातले, शेतातले. संध्याकाळी गॅलरीत बसून कुणीतरी वाचावं आणि बाकीच्यांनी शेंगा सोलत ऐकावं, असं हे पुस्तक. शेंगांनी काही बिघडत नाही.

टिळकांचं गीतारहस्यही तुरुंगातलंच, पण मंडालेचं. तिथे समोर कोण होतं? कोरे कागद आणि शिसपेन्सिल. म्हणून 1915 साली छापून आलेल्या त्या ग्रंथात श्रोता सापडत नाही, प्रतिपक्ष सापडतो. गीता संन्यास सांगते म्हणणाऱ्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणी चालते. माणूस कायदा शिकलेला होता, हे पानोपानी कळतं. हे टेबलाशी बसूनच वाचायचं. पां. वा. काण्यांचा ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ हा जाडजूड खंडांचा ग्रंथ तर लागेल तेव्हा उघडावा. त्याचा एखादा खंड झोपून वाचायला घेतला आणि डुलकी लागून छातीवर पडला, तर बरगडीचं काही सांगता येत नाही.

पण ऐकण्याची खरी गंमत चातुर्मासाच्या कहाण्यांमध्ये. स्वस्त कागद, मोठा टाइप, आणि ‘आटपाट नगर होतं’. श्रावणी सोमवारी आमच्याकडे आई वाचते, बाकीच्यांनी चिमूटभर तांदूळ मुठीत धरून ऐकायचं. परवा खुलभर दुधाची कहाणी चालू होती. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो, म्हणून तो दवंडी पिटतो: सगळ्यांनी घरातलं सगळं दूध देवळात आणा. लोक आणतात, पण गाभारा काही भरत नाही.

इथेच भाची म्हणाली, “आजी, पण मग त्यांच्या मुलांनी काय प्यायलं?”

“तेच तर येतंय पुढे. ऐक.”

पुढे ती म्हातारी येते. आधी मुलाबाळांना पाजते, वासरांना पाजते, आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन सावकाश देवळात जाते. गाभारा भरून जातो. राजा पाळत ठेवून तिला पकडतो, तेव्हा ती घाबरत घाबरत सांगते, की तुझ्या हुकमाने पोरांचे नि वासरांचे आत्मे तळमळले, ते देवाला आवडलं नाही. राजसत्तेला तोंडावर इतकं स्पष्ट सुनावणारं वाक्य एवढ्या स्वस्त कागदावर क्वचितच छापलं गेलं असेल. आणि शेकडो घरांत ते दर श्रावणात बायका वाचत आल्या आहेत, तांदूळ हातात धरून.

भाचीला म्हातारी पटली. राजा नाही पटला. एवढं साधं त्याला आपलं आपण कसं कळलं नाही, त्याच्या घरी लहान मुलं नव्हती का, यावर ती अडूनच बसली. आईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“ते पोथीत नाहीये. आणि तांदूळ सांडतायत बघ तुझे.”