सॅच्युरेशन ९९, तरी गुंगी

जानेवारीतली सकाळ, साडेसहाची वेळ. खाडीकडून आलेला धुरकट थर ऐरोलीवर बसला होता. या दिवसांत रात्री जमीन लवकर थंड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि ठाणे-बेलापूर रस्त्याचा धूर, बांधकामाची धूळ खालीच कोंडते. समुद्रावरचा वाराही उशिरा सुटतो. पहाटेपासून नऊपर्यंत कॅज्युअल्टीत धाप लागलेले पेशंट येतात ते याच दिवसांत.

त्यातल्याच एक मावशी. विडी कधी ओढली नाही, पण तीस वर्षं चुलीपुढे काढलेली, जुना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार. मास्कमधून मिनिटाला ८ लिटर ऑक्सिजन चालू, बोटावरच्या यंत्रावर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९९ टक्के. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, नव्याण्णव दाखवतंय, म्हणजे आता बरी आहे ना?" आई मात्र हाक मारली की डोळे उघडून पुन्हा मिटत होती. पुढे धरलेले पंजे फडफडत होते.

एबीजीत, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत, पीएच ७.२६, म्हणजे रक्त आम्लाकडे झुकलेलं, आणि कार्बन डायऑक्साइड ७८, खूपच वाढलेला. अशा फुप्फुसात हवा न पोचणाऱ्या भागांकडचं रक्त शरीरानेच आवळून धरलेलं असतं. भरमसाट ऑक्सिजन दिला की त्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त भलत्या ठिकाणी फिरतं आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. बोटावरचं यंत्र हे दाखवतच नाही.

ऑक्सिजन तडकाफडकी काढायचा नसतो, सॅच्युरेशन धाडकन कोसळतं. २८ टक्के, म्हणजे मोजूनमापून ऑक्सिजन देणारा व्हेंचुरी मास्क लावला, सॅच्युरेशनचं लक्ष्य ८८ ते ९२. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉल २.५ मिलिग्रॅम आणि इप्राट्रोपियम ५०० मायक्रोग्रॅमची वाफ दिली, तीही ऑक्सिजनवर नाही, कॉम्प्रेसरच्या हवेवर. मग बायपॅप, म्हणजे घट्ट मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र, १२/५ वर (श्वास घेतानाचा आणि सोडतानाचा दाब) सुरू करून १६/५ पर्यंत नेला. मास्क नाकाच्या कडेने गळत होता. पट्टे नीट बसवण्यातच दहा मिनिटं गेली, पण तिथे घाई केली तर बायपॅपचा उपयोग होत नाही. तासाभराने पीएच ७.३१. मावशींनी पाणी मागितलं.

ईसीजी काढला होता आणि हार्ट अटॅक ओळखणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी आधीच पाठवली होती. थंडीत रक्तवाहिन्या आकसून बीपी चढतं, हृदयावर ताण येतो, आणि छातीत न दुखता नुसती धाप लागणारा हार्ट अटॅक मी सीओपीडीच्या नावाखाली दबलेला पाहिला आहे. इथे तसं नव्हतं. पायांवर सूज होती, ती फुप्फुसाच्या आजाराने हृदयाच्या उजव्या बाजूवर आलेल्या ताणाची.

घरी सोडताना कार्डावर लाल पेनाने लिहिलं: ऑक्सिजन ८८–९२, त्याहून जास्त नको. इनहेलर स्पेसरमधूनच, म्हणजे त्याला जोडायच्या पोकळ नळीतून. फ्लूची लस मे महिन्यात, कारण आपल्याकडे फ्लू पावसाबरोबर वाढतो.