आबांचा हात

आबांना पार्किन्सन्स आहे हे कळायच्या आधी गावात बोललं जायचं, पाटील हल्ली कोणाशी हसत नाहीत. या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात, मनातलं हसू ओठांवर येत नाही, हे डॉक्टरांनी पुढे सांगितलं. रावेर तालुक्यात जन्मभर केळी पिकवलेला माणूस. घड वाहिलेले हात मांडीवर ठेवले की थरथरायचे, काही धरलं की जरा थांबायचे.

मी जळगावात लग्नाचे फोटो काढतो. आबांचेही काढायचे ठरवले आणि पहिलीच चूक मोठी केली. माय त्यांना खाटेवरून उठवत होती, खिडकीतून कोवळं ऊन आलेलं, मी दारातून फोटो काढत राहिलो. आबांचा पाय घसरला. माय ओरडली, "अरे, त्यांना धरशील का फोटो काढशील?" आबांनी डोळे मिटून घेतले. ते फोटो मी त्याच दिवशी पुसले.

मग घड्याळ शिकलो. या आजारावरची लेवोडोपाची गोळी जेवणाआधी अर्धा तास, कारण दुधा-डाळीतल्या प्रथिनांनी तिचा असर कमी होतो. गोळी लागू पडली की अंग मोकळं व्हायचं, आवाज सुटायचा. तेवढ्यात दाढी, अंघोळ, ओट्यावर खुर्ची. वेळ उरला तर कॅमेरा, तोही विचारून. "आज नको" म्हणाले की नाही.

कॅमेऱ्याचं शटर 1/250 सेकंदच उघडं ठेवलं की हात गोठल्यासारखा यायचा. मला ते खोटं वाटे. 1/15 सेकंद, म्हणजे जास्त वेळ, उघडं ठेवलं तेव्हा बोटं पुसट आली, बंडीवरचे केळीच्या चिकाचे काळे डाग मात्र लख्ख. आबा बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "हा माझा."

चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस वर्षानुवर्षं घरातच राहून टेबलावर देखावे रचत आणि त्यांचे फोटो काढत. आबांची खोली सोडता येईना तेव्हा मूसांची फार आठवण यायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात, पारा 45 च्या पुढे असताना, पाण्याचाही ठसका लागू लागला. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला जखम होऊ द्यायची नाही. नाकातून नळी घालायची का, असं विचारलं गेलं. "मला नळ्या लावू नको," हे आबांनी बोलता येत होतं तेव्हाच सांगून ठेवलं होतं. तरी नाही म्हणताना माझी जीभ उचलेना. मायच म्हणाली, "घरी चला."

शेवटचे आठ दिवस कॅमेरा कपाटात होता. ओल्या कापसाने ओठ भिजवायला आणि हात धरायला माझे दोन्ही हात लागत होते.

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या नावाची पहिली घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. भिंतीवर चेहऱ्याचा फोटो लावला, तो पाहुण्यांना हवा होता. मायने मात्र पुसट बोटांचा फोटो आणून घागरीशेजारी टेकवला, आणि आगारी, म्हणजे पितरांचा घास, विस्तवात टाकायला चुलीकडे वळली.