दार मिटलं की भिंत बोलायची

दार लावलं की आधी कुलपाचा ‘खट्’ आवाज यायचा आणि लगेच मागून भिंतीतून बारीक ‘टिक्’. दोन-तीन महिने मी तिकडे लक्षच दिलं नाही. मग एकदा झाडू मारताना चौकटीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली. वर पाहिलं, तर गिलाव्याला उभी चीर. पत्र्याची चौकट आणि भिंत यांच्यामधून ती माथ्यापासून कमरेपर्यंत सरळ उतरली होती.

मागच्या दाराची जुनी लाकडी चौकट वाळवीने खाल्ली, म्हणून तिच्या जागी ही लोखंडी बसवली होती. १.२५ मिमी जाडीच्या पत्र्याला घड्या घालून केलेली, वजनदार, दिसायला भक्कम. बसवणाऱ्यांनी अर्ध्या दिवसात काम आटोपलं. लवकर झालं म्हणून मी खूशही होते.

चिरेवर पेन्सिलने आडव्या तीन रेघा मारल्या आणि शेजारी तारीख लिहिली. पंधरा दिवसांनी वरच्या रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले होते. खालची रेघ जागच्या जागी होती. म्हणजे चौकट वरून सुटत होती, तीही बिजागरीच्या बाजूने.

पहिला उपाय माझाच, आणि चुकीचा. डब्यातला फोम आणून चिरेत भरला. तो फुगला, कडक झाला, मी वरचा भाग कापून रंग लावला. आठवड्याभरात रंगाला पुन्हा केसासारखी चीर गेली. फोम फट बुजवतो, वारा अडवतो, पण दार धरून ठेवणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

चौकटीवर किती ओढ येते ते नंतर हिशोब करून पाहिलं. दाराची फळी ३६ किलोची, रुंदी ९० सेंमी, वरच्या आणि खालच्या बिजागरीत १६० सेंमी अंतर. वजनाला अर्ध्या रुंदीने गुणायचं आणि बिजागऱ्यांमधल्या अंतराने भागायचं: ३६ गुणिले ४५ भागिले १६०, म्हणजे साधारण १० किलो. दार नुसतं उभं असताना वरची बिजागरी चौकटीला एवढ्या जोराने ओढते आणि खालची तेवढ्याच जोराने दाबते. दार मिटलेलं असेल तर ती ओढ चौकटीला भिंतीपासून सरळ सोडवायला बघते, काटकोनात उघडलं की तीच ओढ आडवी होऊन चौकट धरणारे स्क्रू-बोल्ट वाकवायला लागते. वाऱ्याने दार आपटलं, पोरं कडीला लटकली, की किती पट होत असेल देव जाणे. दहा किलो हा आकडा पाहून मला हसू आलं होतं. पण हे दहा किलो रात्रंदिवस ओढत असतात.

शेवटी ओळखीतल्या एका वयस्कर गवंडीमामांना बोलावलं. त्यांनी चौकट पाहिलीच नाही. थापीच्या मुठीने भिंतीवर टकटक करत गेले. डावीकडे भरीव आवाज. उजवीकडे, बिजागरीच्या बाजूला, डबा वाजवल्यासारखा.

“ताई, इकडं विटा आहेत, तिकडं पोकळ ब्लॉक. गाळा आधी मोठा होता का?”

होता. घरात कुणीतरी आठवण काढली तेव्हा कळलं की पूर्वी तिथे रुंद दार होतं, ते लहान करताना एका बाजूला पोकळ सिमेंट ब्लॉक रचले होते. गिलाव्याखाली सगळं सारखंच दिसतं.

चौकट काढली तेव्हा पूर्ण उलगडा झाला. मागच्या बाजूला कारखान्यातून लावून आलेल्या लोखंडी पकडी होत्या. होल्डफास्ट म्हणतात त्याच. प्रत्येक उभ्या बाजूला तीन, टोकाला माशाच्या शेपटीसारख्या चिरलेल्या. त्या भिंतीत खाच पाडून काँक्रीटमध्ये गाडायच्या असतात. खाच पाडायचा त्रास नको म्हणून कुणीतरी त्या हातोडीने चपट्या करून चौकटीला चिकटवून ठेवल्या होत्या. त्यांच्याऐवजी प्लास्टिकच्या गुल्ल्यांत स्क्रू. डावीकडचे अजून घट्ट होते. उजवीकडचा वरचा स्क्रू मी दोन बोटांनी ओढला, तो गुल्लीसकट हातात आला. ब्लॉकची बाहेरची भिंत जेमतेम ३० मिमी जाड, त्यात ड्रिल ठोका देत चालवलेलं, म्हणून आतल्या अंगाने टवका उडून भोकाचं फनेल झालेलं. गुल्लीला धरायला काही उरलंच नव्हतं. स्क्रू पिळताना मात्र तो छान घट्ट लागला असणार. त्याबद्दल मला शंका नाही.

दार उलट बाजूला टांगावं, म्हणजे भार विटांवर येईल, असं मी सुचवून पाहिलं. पण बिजागऱ्यांच्या पट्ट्या चौकटीला वेल्ड केलेल्या, आणि त्या बाजूला दार उघडलं तर नळावर आपटणार. मग पोकळ बाजूच पक्की करायची ठरली. दोन वाटा होत्या. एक, जाळीच्या नळीत रसायन भरून त्यात बोल्ट बसवायचा. रसायन जाळीतून आतल्या पोकळीत फुगतं आणि मागून अडकतं. गिलावा फोडायचा नसेल तर ही वाट चांगली. दुसरी, ब्लॉक फोडून पोकळी काँक्रीटने भरायची आणि पकडी त्यात गाडायच्या. गिलावा तसाही गेलेलाच होता. आम्ही दुसरी घेतली.

चपट्या केलेल्या पकडी परत उघडताना एक घडीवरच मोडली. एकदा दुमडलेली पट्टी पुन्हा सरळ करायची म्हणजे धोकाच, म्हणून उजवीकडच्या तिन्ही नव्या वेल्ड करून घेतल्या. त्या वेळीच चौकटीची आतली बाजू पाहिली. बाहेरून गुळगुळीत रंग, आतून कोरा पत्रा, तांबूस डाग धरलेला. घासून रेड ऑक्साइडचे दोन हात मारले. आत एकदा माल भरला की पुन्हा ब्रश पोचणार नाही.

चौकट उभी करायच्या दिवशी मी अगदी उत्साहात होते. मामांनी आधी टेप मागितली. चौकटीच्या दोन पायांना जोडणारी एक पातळ पट्टी तळाशी असते, ती असताना रुंदी कशी चुकेल, असं मला वाटत होतं. माथ्याशी आतलं अंतर ९०६ मिमी भरलं, तळाशी ९०१. ती पट्टी फक्त वाहतुकीत चौकट फाकू नये म्हणून असते, आणि चौकट काढता-ठेवताना तीच वाकते. खरं माप माथ्याचं, कारण तिथला कोपरा कारखान्यात जोडलेला. त्या मापाच्या लाकडाच्या तीन पट्ट्या कापल्या आणि तळाशी, कमरेशी, खांद्याशी अडकवल्या.

मग ओळंबा. दोन्ही बाजूंना, समोरून आणि आतून, असा चार वेळा. माथ्याला पाणसळ. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजले, फरक २ मिमी, चालतं म्हणाले. एवढं झाल्यावर माझ्या मते संपलं होतं. मामांनी खिशातून दोरी काढली. समोरच्या चारही कोपऱ्यांना दोन दोऱ्या फुलीसारख्या ताणून बांधल्या आणि मध्ये वाकून पाहिलं. दोऱ्या जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे नुसत्या टेकल्या पाहिजेत. आमच्या दोऱ्यांमध्ये ३ मिमी फट होती. म्हणजे एक कोपरा ६ मिमी पुढे. मध्यावरच्या फटीच्या दुप्पट. ओळंब्यात थोडी थोडी चूक झाली तर नजरेला कळत नाही, पण दार लावताना फळीचा खालचा कोपरा आधी टेकतो आणि वरचा उघडा राहतो. दोऱ्यांची वर-खाली अदलाबदल करूनही एकदा पाहिलं, कारण दोरी दोरीला दाबत असेल तर फट नसल्यासारखी दिसते. डावा पाय पाचर मारून मागे सरकवला. मला ही दोरीची युक्ती सगळ्या कामात सर्वांत आवडली, आणि आता मी ती कपाटाच्या दारांवरही करते, घरचे वैतागले तरी.

उजवीकडे तळापासून ३० सेंमीवर, माथ्याखाली ३० सेंमीवर आणि मध्ये, अशा तीन खाचा फोडल्या. पोकळीत माल टाकला की तो थेट पायापर्यंत जाईल, म्हणून आधी सिमेंटची फाटकी गोणी चुरगळून खाली कोंबली. पकडीच्या चिरलेल्या शेपटीमधून ८ मिमी सळईचा वीतभर तुकडा उभा घातला. खाचा पाण्याने भिजवल्या, मग १:२:४ चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, बारीक खडीचं, सळईने कोचून कोचून.

त्याच दुपारी मामा जेवायला गेले आणि मी अगाऊपणा केला. डावीकडे विटांत १० मिमीचे स्लीव्ह बोल्ट बसवायचे होते, पिळले की भोकात फुगून पकडणारे. भोकं त्यांनी पाडून ठेवली होती, सांध्यात नाही, विटेच्या मधोमध, विटेच्या आत ६० मिमी, फुंकणीने भुकटी काढलेली. बोल्ट घालून पिळणं एवढंच उरलेलं. पाना घेतला आणि पिळत गेले. छान घट्ट लागत होतं. मधला बोल्ट आणखी अर्धा फेरा फिरवला आणि ‘टप्प’ करून कमरेची लाकडी पट्टी खाली पडली.

चौकट आणि विटा यांच्यामध्ये तिथे १५ मिमी पोकळ जागा होती. मागे टेकायला काही नाही, त्यामुळे बोल्ट पत्र्यालाच भिंतीकडे ओढत होता. मध्यावर अंतर ९०६ चं ९१० झालेलं. कुलपाची जीभ त्या खाचेपर्यंत जेमतेम पोचली असती.

मामा आले, पाहिलं आणि फक्त म्हणाले, “बोल्ट ओढतो, ताई. ढकलायला मागं कुणीतरी लागतं.”

बोल्ट ढिले केले, पत्रा परत आला, नशीब. प्रत्येक बोल्टच्या मागे लोखंडी पत्र्याचे तुकडे एकावर एक सरकवून जागा भरली आणि मग पिळले. या वेळी पट्टी हलली नाही. लाकडी पाचर तिथे कायमची ठेवायची नाही, ती वाळून आकसते आणि बोल्ट पुन्हा ढिला पडतो. चांगल्या चौकटींत बोल्टच्या भोकामागे नळीचा तुकडा आधीच वेल्ड केलेला येतो. आमच्या चौकटीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी चौकटीच्या पोटात माल भरला. मी एका दमात भरू म्हणाले. ओला माल बाजूने जोर लावतो आणि सव्वा मिमीचा पत्रा पोट सोडतो, म्हणून तीन टप्प्यांत, आणि मालही घट्टसर, १:४ चा, म्हणजे एक भाग सिमेंट, चार भाग वाळू. प्रत्येक थर भरला की लाकडी हातोड्याने चौकटीवर मारून ऐकायचं. भांड्यासारखा आवाज आला तर आत पोकळ, पोत्यावर मारल्यासारखा आला तर भरलं. पोकळ राहिलेल्या जागी पाणी साचतं आणि पत्रा तिथूनच सडायला लागतो.

बिजागरीच्या स्क्रूंच्या भोकांवर मी आधीच चिकटपट्टी लावली होती. कुलपाच्या खाचेवर लावायला विसरले. माल आत गेला. संध्याकाळी लक्षात आलं तेव्हा तो चीजसारखा कापता येईल एवढाच घट्ट झाला होता, म्हणून स्क्रूड्रायव्हरने अर्धा तास उकरून निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आलं असतं तर छिन्नी लागली असती, आणि छिन्नीचा ठोका नुकत्याच भरलेल्या चौकटीला बसला असता.

पुढचे सात दिवस खाचांवर ओली पोती. दार भिंतीला टेकवून ठेवलेलं, दाराच्या जागी प्लायचा तुकडा आणि चादर. सहाव्या दिवशी धाकटा भाऊ म्हणाला, टांगून टाकू या, दगडासारखं झालंय. बाहेरून झालंच होतं. मी नाही म्हटलं, आणि यात माझ्या शहाणपणापेक्षा मामांची भीती जास्त होती.

गिलावा करताना चौकटीला भिडवून सपाट केला नाही. कडेने ५ मिमीची खाच सोडली आणि वाळल्यावर तीत लवचिक सीलंट भरलं. उन्हाने लोखंड आणि गिलावा एकाच वेळी सारखे वाढत नाहीत. तिथे चीर पडायचीच, तर आपण आखून दिलेल्या जागी पडू दे.

आठव्या दिवशी लाकडी पट्ट्या काढल्या. तळाची वाकडी पट्टी शेवटी कापली. कटर चालू करताना पोटात गोळा आला, कारण आता चौकट फाकायची असेल तर आत्ताच फाकणार होती. कापलेल्या टोकांना कानस मारली, टेप लावली. माथ्याशी ९०६, कमरेशी ९०६, तळाशी ९०५. दार टांगलं, दोन्ही बाजूंना ३ मिमीची फट सारखी उतरली. मामांनी दार काटकोनात उघडून कडीवर दोन्ही हातांनी भार दिला, भिंतीला कान लावला आणि मला कान लावायला सांगितलं.

नवा रंग देण्याआधी सीलंटवरून गिलाव्यापर्यंत पेन्सिलची एक आडवी रेघ मारून ठेवली आहे, कुलपाच्या उंचीवर नाही, वरच्या बिजागरीशी. रंगाखालून ती पुसट दिसते. दार लावलं की अजून सवयीने तिकडेच बघते.