अग्नी कुणी दिला

नागपुरात माजी सैनिकांच्या कुटुंबांची कागदपत्रे मार्गी लावणाऱ्या एका कार्यालयात मी एकोणीस वर्षे लिपिक आहे. आमच्याकडे युद्धाच्या गोष्टी येत असतील असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात येते ती जन्मतारखेतली आणि आडनावातली तफावत, आणि तिच्यापायी अडलेली पेन्शन. म्हणूनच मे महिन्यातल्या एका दुपारी अजनीहून आलेल्या ब्याऐंशी वर्षांच्या आजींच्या नातवाने “पेन्शनचं काही नाही मॅडम, फक्त कबरीचा नंबर हवाय” असे सांगितले, तेव्हा आमच्या वरिष्ठांनी मान वर न करता “थकबाकी नाही, मग प्रकरण कसलं?” असे विचारले. हा प्रश्न त्यांनी उद्धटपणे विचारला नव्हता, त्यांना खरोखरच पडला होता, आणि ते मला अधिक लागले.

आजींचे वडील खटाव तालुक्यातले, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे शिपाई. आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर ही बटालियन १९४३ च्या सप्टेंबरात इटलीत उतरली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते गेले. आजी तेव्हा दीड वर्षांच्या. आईने त्यांना घेऊन अजनीच्या लोको शेडमध्ये कामाला असलेल्या भावाचे घर गाठले. तिथी ठाऊक नसल्यामुळे घरात आजवर त्यांचे पान सर्वपित्री अमावास्येलाच वाढले गेले. त्याच रेजिमेंटचे व्हिक्टोरिया क्रॉसविजेते नाईक यशवंत घाडगे यांचे स्मारक २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने येथे उभारल्याची बातमी वाचून नातवाने विमानाची दोन तिकिटे काढली होती. कबर कुठे आहे हे तिकिटांनंतर विचारायचे, हा आपल्याकडचा नेहमीचाच क्रम.

कागद एकही नव्हता. होते ते इटली स्टार नावाचे सहा टोकांचे पदक. ब्रिटिश शिपायांना दिलेले हे तारे मागून कोरे असत, पण भारतीय शिपायांच्या ताऱ्यांवर क्रमांक, हुद्दा आणि नाव ठोकलेले असते, आणि आमच्या कामात त्या एका ओळीची किंमत सोन्याहून जास्त आहे. या घराने दर खंडेनवमीला पदक पुजण्याआधी ते चिंचेने घासले होते. ऐंशी वर्षांच्या भक्तीने अक्षरे जवळजवळ पुसून टाकली होती. (आपल्या घरी पदक असेल तर कृपा करून ते कोरड्या फडक्याखेरीज कशानेही पुसू नका.) मी खिडकी लावून घेतली, मोबाइलचा उजेड अगदी आडवा धरला आणि पातळ कागदावर पेन्सिल फिरवली. क्रमांक उमटला, पण त्यातला एक आकडा तीन की आठ हे काही केल्या ठरेना.

पुढचे काम माझ्या आवडीचे. महायुद्धांत मरण पावलेल्या सैनिकांच्या समाध्या आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदी कुणालाही पाहता येतात, पण त्यांतली मराठी नावे कानाने ऐकून इंग्रजीत उतरवलेली आहेत. ‘ळ’चा ‘ल’ झालेला, ‘ण’चा ‘न’ झालेला; साळुंख्यांची चार रूपे मी स्वतः पाहिली आहेत आणि त्यांतल्या एका रूपात ते थेट साळोखे झाले होते. जसे लिहिले आहे तसे न वाचता, लिहिणाऱ्याने काय ऐकले असेल ते आधी मोठ्याने म्हणून पाहावे लागते. चौथ्या प्रयत्नात आडनाव सापडले आणि आकडा आठ निघाला. मोडक्या स्पेलिंगमधले गावाचे नाव मी उच्चारले, तेव्हा खुर्चीत पेंगुळलेल्या आजी एकदम म्हणाल्या, “हेच आमचं गाव.”

ठिकाण होते सांग्रो नदीजवळचे युद्धसमाधीस्थळ. तिथे २,६१७ समाध्या आहेत, आणि नातवाने मोबाइलवर त्या पांढऱ्या दगडांच्या रांगा आजींना दाखवूनही ठेवल्या होत्या. पण पणजोबांची नोंद त्यांत नव्हती. ती होती त्याच आवारातल्या दहनस्मारकावर, ज्यावर दफन न करता दहन केलेल्या ५१७ भारतीय सैनिकांची नावे आहेत. त्या काळी या रेजिमेंटमध्ये देशावरचे व कोकणातले मराठे आणि दख्खनी मुसलमान एकत्र असत. मुसलमान शिपायाला पुरले जाई, हिंदू शिपायाला शक्यतो अग्नी दिला जाई. हे सांगताच नातवाचा चेहरा पडला. त्याने अजनीतल्या अंगणातली माती एका डबीत भरून ठेवली होती.

आजींना हे कसे सांगावे, याचे मला दडपण आले होते. त्यांनी मात्र ऐकून घेतले, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “म्हणजे पुरलं नाही ना पोरी? आई जाईपर्यंत त्याचाच घोर करीत होती.” थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “अग्नी कुणी दिला?”

नोंदीत क्रमांक होता, हुद्दा होता, मृत्यूची तारीख, वडिलांचे नाव आणि गाव होते. जे कागदावर नाही ते तोंडातून काढायचे नाही, हे मी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवते. तरीही मी म्हणाले, “त्यांच्या पलटणीतल्या माणसांनी दिला.” ‘दिला असेल’ म्हणाले नाही.

वरिष्ठांनी तेवढ्यापुरती मान वर केली, काही बोलले नाहीत.

त्या दोघांचा प्रवास सप्टेंबरात आहे. गेल्या आठवड्यात नातवाचा निरोप आला: मॅडम, पलटणीतल्या माणसांनी अग्नी दिल्याचं कोणत्या कागदात आहे, त्याची प्रत मिळेल का, आजीला ती देव्हाऱ्यात ठेवायची आहे. मी अजून उत्तर दिलेले नाही.